शिंगाड्याच्या तळ्यातली दिवड

शेलार गावच्या आनंदीबाईला दिवडीची, तळ्यातल्या त्या पाणसापाची, भीती कधी वाटलीच नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्याच्या, दामूच्या, जोडीने ती गावामागच्या तळ्यात छातीभर पाण्यात उतरून शिंगाडे काढायची. वेलांत बेडूक, बेडकांमागे दिवडी. एखादी चिडून चावली की रक्त यायचं. बाई हळद दाबायची नि पुन्हा पाण्यात. "दिवडीला इख न्हाय, नुसता राग हाय," दामू म्हणायचा.

दामू गेला. मग तळंही विकलं गेलं. तिथे गोदाम होणार होतं. होळीच्या सुमारास डंपर मुरूम ओतू लागले, तशा दिवडी रस्त्यावर आल्या. काही चाकांखाली गेल्या, काहींना लोकांनी नाग समजून ठेचलं.

एका सकाळी आनंदीबाई जेसीबीपुढे जाऊन उभी राहिली. बांधाच्या बिळात एक दिवड अंड्यांना वेटोळं घालून बसली होती. बांध हादरत होता, तरी ती हलत नव्हती.

"मौसी, हटो, लग जायेगा!" ड्रायव्हर ओरडला.

"बाळंतीण हाय रे ती. जरा रुक."

त्याने मशीन बंद केलं. बाईने बिळात हात घातला. दिवडीने मनगट धरलं. बाईने हू की चू न करता दुसऱ्या हाताने अंडी पाटीत काढली, ओल्या मातीने झाकली. दिवड मात्र हातातून सुटली ती सरळ मुरमाच्या ढिगात शिरली. पलीकडे डंपर मागे येत होता. "रोको, रोको!" ड्रायव्हर ओरडत धावला. तोवर डंपर रिकामा झाला होता.

पाटी तिने न्हाणीमागच्या ओलीत ठेवली. हमालीवरून आलेला मुलगा, सागर, चिडला.

"आये, येडी झालीस? सापाची अंडी घरात?"

"आईयेगळी हायेत रं."

सागर पाय धुऊन आत गेला. बाई रोज पाणी शिंपडायची. पण अंडी एकेक करून सुरकुतली, पिवळी पडली. शेवटी तिने एक फोडून पाहिलं. आत अंगावर चौकड्या उमटलेलं पिल्लू होतं, पुरतं घडलेलं, मेलेलं.

सागरने न सांगता घरामागे खड्डा खणला. माती लोटताना बाई म्हणाली, "जोडीनं राखलेलं तळं, सागर. त्यातलं एक जनावर बी मला वाचवता आलं न्हाय."

सागरने कुदळ ठेवली आणि तिच्याजवळ बसून राहिला.