मस्कतला निघालेली होडी

माझं माहेर कोळीवाड्यातलं. आजा, बाप, भाऊ, सगळे दर्यावर जाणारे. पण त्यातल्या एकालाही कधी मस्कतला जावंसं वाटलं नाही. मासळी मिळेल तिथवर जायचं आणि मुकाट घरी यायचं, एवढाच त्यांचा दर्याशी व्यवहार. वेड लागलं ते माझ्या नवऱ्याला. त्याच्या सात पिढ्यांनी शिरगावात नारळीला पाणी शिंपण्यापलीकडे पाण्याशी संबंध ठेवला नव्हता.

बोईसरला कारखाने भराभर उभे राहत होते ते दिवस. आमचे हे एका कारखान्यात पाळीवर जायचे. सरकत्या पट्ट्यावरून डबा यायचा, त्याला झाकण लावायचं आणि पुढे ढकलायचा. डबा भरला दुसऱ्याने, चिकटवला तिसऱ्याने. घरी यावं तर पाच भावांतले हे मधले. वाडीत काय लावायचं ते थोरले ठरवणार, विकायचं काय ते सासूबाई. एकदा भाकरी मोडता मोडता मला म्हणाले, "एक तरी गोष्ट अशी व्हावी, जिची सुरुवात माझी आणि शेवटही माझा." मला वाटलं, हे आता वेगळं घर मागणार. मी मनातल्या मनात चूल कुठे मांडायची तेही ठरवून टाकलं. ह्यांनी काढलं मस्कत!

पूर्वी आपल्या किनाऱ्यावरून शिडाची गलबतं मस्कतला जायची, हे त्यांनी कुणा म्हाताऱ्याकडून ऐकलं होतं. मग माझ्या भावाकडून जुनी होडी घेतली. पुढच्या भागावर फळ्या ठोकून आडवं व्हायला जागा केली, नवी डोलकाठी उभारली, शीड स्वतः शिवलं. सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यातच. दोन वर्षं माझ्या भावांच्या मागे लागून वारा, भरती-ओहोटी, तारे सगळं शिकून घेतलं. बंदराच्या कचेरीत खेटे घातले आणि परवानगीही आणली. कारखान्यात बाहेरून आलेले कामगार त्यांना नावाने हाक मारेनासे झाले. "क्या मस्कत, कब निकलेगा?" एवढंच. हे हसायचे, पण घरी आल्यावर जेवण अर्धं राहायचं. निघालो नाही किंवा अर्ध्यातून परत आलो, तर जन्मभर हे नाव चिकटणार हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. मला ते जायला नको होते, आणि गेलेच तर त्यांनी मस्कत गाठल्याशिवाय राहू नये असंही वाटत होतं. ही दोन्ही एका वेळी कशी वाटतात, ते मला विचारू नका.

दिवाळीनंतर वारा जमिनीकडून वाहायला लागला, तेव्हा ते निघाले. सासूबाई किनाऱ्यावर आल्या नाहीत, पण सुकेळ्यांची पुडी पाठवली. मी माझ्या आईचं लाल लुगडं दिलं. ट्रंकेत डांबरगोळ्यांत जपलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून म्हटलं, "पहाटे गार लागेल. अंगावर घ्या." त्यांनी पिशवी फळ्यांखाली सरकवली आणि शीड ओढलं. शीड दिसेनासं झालं तशी मी घरी आले आणि उगाचच जावेशी भांडले.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. वारा पडला होता. झावळीचं पानही हलत नव्हतं. भावाला विचारलं तर म्हणाला, "वारा नाय तर बसायचं. दुसरं काय?" दर्यात बसायचं म्हणजे काय, ते मी लहानपणी बापाच्या तोंडून ऐकलेलं होतं. माणूस स्वतःशी बोलायला लागतो, म्हणायचा तो.

आणि एका दुपारी पोरं ओरडत आली. एक मोठी यंत्राची बोट किनाऱ्याकडे येत होती, तिच्यामागे दोरखंडाने बांधलेली आमची होडी, आणि होडीच्या डोलकाठीवर आईचं लाल लुगडं.

आमच्यात डोलकाठीवर फडकं बांधलं की त्याचा अर्थ एकच, संकटात आहे, धावा. ज्याला ते दिसेल त्याने हातातलं जाळं टाकून जायचं. आणि तिथे पोचल्यावर विचारत बसायचं नाही, आधी दोर टाकायचा. मी धावत चिखलात गुडघाभर शिरले. तेव्हा हे दिसले, सुकाणूपाशी, किनाऱ्याकडे पाठ करून बसलेले. धडधाकट. मी तिथेच रडले.

उतरल्या उतरल्या ह्यांनी तोंड सोडलं. "कुणी सांगितलं होतं ओढून आणायला? लुगडं भिजलं होतं, सुकत घातलं होतं! मी ओरडून सांगत होतो, मला काही झालं नाही! ऐकतील तर शपथ!" सगळा किनारा हसायला लागला. बोटीवरचे खलाशीही हसत होते. "अवो, दर्यात एकटा मानूस बोलतो काय झाला नाय, तवाच समजायचा याच्या डोक्यात ऊन गेला." कुणीतरी म्हणालं, वाडीवाला तो, त्याला डोलकाठी आणि वाळणीची दोरी सारखीच. त्या बोटीचा नाखवा, पलीकडच्या कोळीवाड्यातला, एक शब्द बोलला नाही. ओहोटी लागत होती म्हणून चहालाही न थांबता बोट वळवून गेला. त्याचा दोर आमच्याच होडीत राहिला.

हे घरात येऊन बसले ते बसलेच. कामावर जाईनात. समोर ताट ठेवलं की दोन घास खाऊन उठायचे. मला इतका राग आला त्या नाखव्याचा! माझ्या माणसाची दोन वर्षं या लोकांनी दोराला बांधून परत आणून टाकली. मी तो दोर खांद्यावर घेतला आणि त्याच्या घरी गेले.

तो जाळं दुरुस्त करत बसला होता. मी आल्या आल्या सुरू केलं. धडधाकट माणूस नको नको म्हणत असता त्याला ओढून आणायला तो काय वाहून आलेला ओंडका होता का? नाखव्याने सगळं ऐकून घेतलं.

"बस बाय," म्हणाला. "कोनाची पोर तू?"

मी बापाचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली.

"तुजा घोव लय वरडला आमच्यावर. खलाश्यांसमोर शिव्या दिल्या. मी बोल्लो, देऊ दे."

"मग सोडायचं ना त्यांना!"

"आमी गेलो तवा पयल्यांदा तो वरडत नवता," नाखवा जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला. "दोर टाकला. त्यानं सोताच्या हातानं बांधला. चांगली गाठ मारली, कोनी शिकवलेली दिसते. मंग खलाशी पुढं आले, तवा वरडाया लागला."

मी खांद्यावरचा दोर खाली ठेवला.

"लुगडं सुकत घातलंय, बोल्ला. मी बोल्लो, असंल." आणि मग त्याने पोरीला हाक मारून मला चहा द्यायला सांगितलं.

मी घरी आले. हे वाडीत गेले होते. होडीतून आणलेलं सामान कोपऱ्यात तसंच पडलं होतं. मी लुगडं बाहेर काढलं. खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेलं कापड कसं होतं, ते मला कुणी सांगायला नको. माझ्या बापाचे कपडे मिठाने एवढे ताठ व्हायचे की भिंतीला टेकवून उभे राहतील. आईचं लुगडं मऊसूत होतं. अजून डांबरगोळ्यांचा वास येत होता.

ते मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. माझा माणूस त्या बिनवाऱ्याच्या पाण्यात एकटा किती घाबरला असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी ते फळ्यांखालून काढलं असेल, डोलकाठीवर चढवलं असेल, आणि मग वाट पाहिली असेल. लोकांनी बावळट म्हटलेलं त्यांनी चालवून घेतलं, ते कशासाठी, तेही कळलं. मला त्यांचा राग आला नाही.

मग सासूबाई कपड्यांच्या घड्या घालायला बसणार हे आठवलं. त्यांचा हात असा, की कुठलं कापड कधी धुतलं ते सांगतील. मी उठले, लुगडं पदराखाली धरून किनाऱ्यावर गेले, भरतीच्या पाण्यात चांगलं बुचकळलं आणि आणून अंगणातल्या दोरीवर टाकलं. जाऊ दिसली तशी तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "या कोळ्यांना अक्कल म्हणून नाही! ओलं लुगडं ओळखता येत नाही यांना!" स्वतःच्या माहेरच्या जातीला मी जन्मात पहिल्यांदा शिव्या दिल्या.

उन्हं कलता हे वाडीतून आले. दोरीपाशी थांबले. लुगड्याला हात लावला. ते फळीसारखं ताठ झालं होतं, वर पांढरे डाग. बराच वेळ त्यांनी हात तसाच ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले.

"कडक झालंय," ते म्हणाले.

"खारं पाणी," मी म्हटलं. "धुवायला हवं."

त्यांनी लुगडं दोरीवरून काढलं, विहिरीवर नेलं, स्वतः पाणी ओढलं आणि ते पुन्हा मऊ होईपर्यंत धूत बसले.