मास्तरांची वावरं

मास्तर पुस्तक वाचत नसत, तपासत असत. कानावर लाल पेन्सिल, आणि समोरचा लेखक जणू नापास व्हायच्याच लायकीचा. भूगोल शिकवून निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. मी परतूरच्या वाचनालयात ग्रंथपाल. त्यांचे शेरे खोडरबरानं पुसत बसणं हे माझं जादा काम होतं.

एकदा देणगीच्या पेटीत इंग्लंडमधल्या कुठल्याशा खोऱ्याचा जुना इतिहास निघाला. पानांना कसर लागलेली. ठेवायचा की रद्दीत घालायचा, हे मी मास्तरांवर सोपवलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते धापा टाकत आले.

"मॅडम, अर्धं पुस्तक नुसती जमीनदारांची आरती आहे. गडीमाणसाला नावसुद्धा न्हाई. पण हे पान बघा, बिलकुल सोनं आहे."

त्या पानावर खोऱ्यातल्या एकेका शेताचं नाव होतं. मास्तरांना खुर्चीत बसवेना.

"आपल्या सातबाऱ्यावर नुसता गट नंबर. आमच्या गावाची तर वावरंच धरणात गेली. नावं सांगणारी म्हातारी माणसं बी चालली. मंग कोण लिहिणार?"

दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन ते जीपनं पुनर्वसनाच्या गावी जाऊ लागले. त्यांचं वारं मलाही लागलं. सुट्टी टाकून मी सोबत जाई. सासूचं वावर, भांडणाची पट्टी, मुक्याचा मळा. एका बांधावरून दोन म्हातारे तासभर भांडले, तर मास्तर लग्नघरात असावं तसे खुशीत दोघांचंही लिहून घेत होते. फक्त स्वतःच्या वडिलांच्या शेताचं नाव त्यांना आठवेना. लहानपणीच शिकायला बाहेर पडलेले. ज्याला त्याला विचारत, पण कुणालाच सांगता येईना.

शेवटी गावातल्या सगळ्यात थकलेल्या आजीला विचारलं. ती म्हणाली, "तेला आम्ही मास्तराचंच वावर म्हणतो. जुनं नाव कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

 मास्तर वही उघडून लिहायला बसले.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. वही वाचनालयात त्या इंग्रजी पुस्तकाशेजारी आहे. त्यांच्या गावची माणसं येतात, आपलं वावर शोधतात, बोट ठेवून नाव मोठ्यानं वाचतात. मला भारी आनंद होतो, आणि रडूही येतं. शेवटच्या पानावर मास्तरांच्या अक्षरात एवढंच आहे: "जुने नाव मिळाले नाही. हल्लीचे नाव: मास्तराचे."