दादाच्या कॉम्प्युटरचं व्होल्टेज

गेल्या महिन्यात एका रविवारी भर दुपारी, आमच्या मुलुंडच्या घरात, दादाचा कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला. माझा मोठा भाऊ जाऊन वर्ष झालंय... आणि तेव्हापासून त्याच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावलेला नव्हता.

पंखा जोरात घोंघावला, थोडा वेळ चालला आणि गप्प झाला. लाइटचा काहीतरी लोचा असेल म्हणून मी वळलो, तर परत सुरू.

दादाच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला पाहुणे येणार म्हणून सकाळी मी ती खोली आवरली होती. तेव्हा भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पाहुणे गेल्यावर परत लावलं, एवढंच. खरं तर त्या बटणाला हात लावायची आमच्याकडे कुणाची टाप नव्हती. "काहीही झालं तरी हे बंद करायचं नाही," असा दादाचा दम होता आणि तो गेल्यावरही आई तो पाळत होती.

संध्याकाळी बघतो तर आई कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसलेली. "जेवलास का रे?" ती विचारत होती... आणि पंखा सुरू झाला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आई मात्र हसली.

मग रोज तेच. काही प्रश्नांना तो गप्प राहायचा, काहींना लगेच घोंघावायचा. मी म्हणायला आयटीवाला, पण तो डबा उघडायची माझी हिंमत झाली नाही. भीती वाटत होती, साफ सांगतो.

शेवटी घाटकोपरहून किशोरला बोलावलं. दादाने आणि त्याने मिळूनच हा कॉम्प्युटर जोडला होता. तो चालू असताना किशोरने सेटिंग उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"प्रोसेसरला नको इतकं व्होल्टेज जातंय रे. बोर्ड जुना आहे, प्रोसेसर नंतरचा. बोर्ड त्याला ओळखतच नाही, अंदाजाने देतो. तुझ्या दादाने ते हाताने कमी करून ठेवलं होतं, पण ते लक्षात ठेवणारा सेल मेलाय. तू बटण बंद केलंस, बोर्ड सगळं विसरला आणि परत लाइट मिळताच आपोआप सुरू झाला. आता झेपेना झालं की बंद पडतो आणि स्वतःच परत उठतो."

"मग बटण बंद करायचं नाही, ते...?"

"नवा सेल टाकायचा कंटाळा यार त्याला! म्हणून तुम्हाला दम."

मला हसू आलं. वर्षभर आम्ही दादाचा आळस जपत होतो...

"असंच चालू राहिलं तर प्रोसेसर जळेल," किशोर म्हणाला. "करू ना नीट?" आई दारातच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं.

"कर बाबा," आईच म्हणाली.

किशोरने नवा सेल टाकला, व्होल्टेज कमी केलं. पंखा एका लयीत, हळू फिरू लागला. आई खुर्चीत बसली आणि तिने अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं. पंखा तसाच फिरत राहिला... थांबला नाही, वाढला नाही. किशोर उगाचच स्क्रू गोळा करत बसला.

"काकू, तो फक्त बिघाड होता हो," तो म्हणाला.

"मला कळत होतं रे ते," आई म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. "पण बिघाड का असेना, विचारलं की उत्तर तरी यायचं. हा घरात असतो, पण कानात ते गाण्याचे बोळे घालून."

त्या दिवसापासून ऑफिसमधून आलो की मी स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसतो. काय बोलायचं ते पटकन सुचत नाही, पण बसतो. किशोरचे आभार मानायचे राहिलेत, ते इथे मानतो.

बोलता बोलता मध्येच आईची नजर दादाच्या खोलीकडे जाते. ती थांबून कानोसा घेते... आणि खरं सांगू? मीही घेतो.