माशांमागचं मखर

“गणपतीमागं दहा दिवस होतं हे मखर. काही झालं काय त्याले?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“गणपती पाण्यात श्वास घेत नव्हता, सर,” मी म्हणालो.

देऊळघाटच्या आमच्या शाळेत तपासणी समिती येणार होती. छत गळतं, ते झाकता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेतला माशांचा टँक सजवायचं ठरलं. टँक माझ्या पत्नीचा. सुमन गेल्यावर घरात पाच गोल्डफिश आणि मी उरलो. मी दिवसभर शाळेत, म्हणून त्यांनाही तिथे नेलं. तिने वाढवलेलं, अजून जिवंत असलेलं तेवढंच होतं.

चित्रकलेचे गव्हाणे सर उत्साही माणूस. सोनेरी थर्माकोलचं मखर कापून ते टँकच्या आत, मागच्या काचेला चिकटवणार होते. चिकटवायला सिलिकॉनची ट्यूबही आणली.

“सगळ्यात भारी आणलं, सर. बाथरूमचं. बुरशी लागत नाही.”

“बुरशी मारायचं औषध असतं त्यात. ते पाण्यात उतरतं. मासा बुरशीपेक्षा फार कणखर नसतो.”

“अन् रंग?”

“ही पितळेची पूड दिसते. पितळेत तांबं. तांब्याने माशांचे कल्ले जातात.”

“तुम्ही हरेक गोष्टीत खोडा घालून राह्यले, सर,” मुख्याध्यापक म्हणाले. मी विज्ञान शिकवतो, हे ते पगारपत्रकापुरतंच मानतात.

मी बादलीत मखराचा तुकडा दगडाखाली दाबून ठेवला. अशी वस्तू आधी मासे नसलेल्या पाण्यात भिजवून पाहतात. तिसऱ्या दिवशी पाण्यावर सोनेरी तवंग आला. गव्हाणे सरांना तो आवडला.

“मखर राहू द्या बाजूले,” मुख्याध्यापक वैतागले. “पण उद्या समिती येऊन राह्यली. मांगं काहीतरी पाहिजेच. नाही तर हेच लावू.”

संध्याकाळी घरी आलो. टँकची जागा रिकामी होती. मागच्या भिंतीवर सुमनने लावलेला निळ्या साडीचा तुकडा तसाच होता. काचेच्या बाहेर, पाण्यापासून दूर. रोज त्याच्यासमोर बसून मी चहा पीत होतो.

सकाळी तो टँकमागे लावला.

“मटेरियल सेफ आहे ना पण?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“हो. घरी तपासलेलं आहे.”

समितीने टँक दारातूनच पाहिला आणि पोहे छान असल्याचं सांगितलं. पाचही मासे आहेत.

माशांमागे लावायची सर्वांत सुरक्षित वस्तू म्हणजे पाण्याबाहेर राहणारी. हे कळायला मला बी.एस्सी. आणि एक बादली लागली. सुमनला जुनी साडी पुरली होती.