देण्याची की नेसण्याची?

आमच्या गल्लीतली खाला जकात द्यायची ती भांडण काढल्यासारखी. रमजानात दारात आलेल्या बाईच्या हातात साडी कोंबायची आणि ओरडायची, "इतके दिवस कुठी होती वं? तुझं सामान माझ्या घरात पडून राहिलं! जागा अडवून राहिलं! घेऊन जाय इथून!" समोरच्या बाईला ओशाळायला सवडच मिळायची नाही. ती कधी पुटपुटत, कधी उलट दोन शब्द ऐकवत, पण मान वर ठेवून निघून जायची. लहानपणी मला खरंच वाटायचं, ही बाई वर्षभर लोकांच्या वस्तू दडपून ठेवते आणि रमजान आला की पकडली जाते.

खालाच्या मते ते तसंच होतं. वर्षभर घरात टिकून राहिलेल्या पैशा-सोन्यातला चाळिसावा हिस्सा गरिबाचा, म्हणजे तो आपला नाहीच. दुसऱ्याचं आपल्याकडे राहिलेलं परत करायचं, त्यात मोठेपणा कसला? "मी दिलं" हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. "उनका निकालना है" एवढंच म्हणायची, आणि ते निघेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. घरातल्यांवर खेकसायची, दूधवाल्यावर खेकसायची, माझ्यावर तर बारा महिने खेकसायची. माझ्याशी ती मराठीत बोलायची आणि चिडली की हिंदीत, त्यामुळे तिचं हिंदीच माझ्या कानात जास्त आहे.

नागपुरात इतवारीच्या मागची आमची गल्ली अर्धी आम्हा कोष्ट्यांची, अर्धी मोमिनांची. दोघंही विणकर, आणि दोघांचेही माग आता भंगारात गेलेले. माझे वडील हातमागावर लुगडी विणायचे. मी घरातच फॉल-पिकोची मशीन टाकली. खालाचा मुलगा अस्लम माझ्याच वयाचा, आम्ही एकत्र पतंग उडवलेले. त्याने इतवारीत साड्यांचं होलसेल दुकान काढलं आणि ते जोरात चाललं. जकातीच्या साड्या घ्यायला खाला त्याच दुकानात जायची आणि कापड पारखायला मला सोबत न्यायची.

एकदा तिथे नवीन नोकर होता. त्याने मालकाच्या आईला ओळखलं नाही आणि सवयीने विचारलं, "आपा, देण्याची दाखवू की नेसण्याची?" अरे बाप्पा! दुकान हादरलं. "देने की अलग, पहनने की अलग? जिसको दूँगी वो क्या सर पे रख के नाचेगी?" त्याने घाबरून देण्याचा गठ्ठा काढला. खालाने एक साडी उलगडली, खाली हात घातला आणि गल्ल्यावर बसलेल्या अस्लमच्या नाकासमोर धरला. "मेरी अंगूठी दिख रही है. अंगूठी! इसमें नमाज पढेगी वो? मोमिन का बेटा होके ये बेचता है? जा, पहले तेरी बीवी को पहना, फिर बाँट." अस्लम हसला, कारण गिऱ्हाइकं बघत होती. पण त्याचे कान लाल झाले होते.

आपल्यातही हेच आहे, कोणी साळसूदपणा करू नका. "देण्याघेण्यातली साडी" हा शब्द आपल्या घरोघरी आहे. प्रताप नगरातल्या एक बाई वर्षानुवर्षं माझ्याकडून भारी साड्यांना फॉल लावून नेतात. एका दिवाळीला त्यांनी मला साडी दिली, वर म्हणाल्या, "घे गं, आठवणीनं ठेवली तुझ्यासाठी." मी तिला फॉल लावायला घेतला तर फॉलच साडीपेक्षा जड! मी ती खालाला दाखवली. खालाने तिची घडी केली, परत उलगडली आणि म्हणाली, "पोहे चाळ याच्यानं."

ती स्वतः एकाच गठ्ठ्यातून सगळ्या साड्या काढायची, आणि त्यातलीच एक स्वतःला ठेवायची. ईदच्या दिवशी गल्लीत बघाल तर खालाच्या अंगावर तेच कापड आणि तिच्याकडून नेलेल्या बायकांच्या अंगावरही तेच. कोणी दिली आणि कोणी घेतली, हे शोधून काढायची कोणाची टाप नव्हती. ईदी म्हणून एक मलाही मिळायची. मी एकदा विचारलं, "खाला, हे जकातीतलं आहे की आहेर?" तर म्हणाली, "साडी आहे. लाल आहे. दिसून नाही राहिलं का तुले?"

ईदच्या नमाजाआधी गरिबाला फितऱ्याचं धान्य द्यायचं असतं, त्याच्याही घरी ईद व्हावी म्हणून. खाला कळमन्याच्या धान्यबाजारातून गहू आणवायची तो घरात पोळ्यांना लागतो तोच. एका बाईने तो गहू विकला आणि मुलीसाठी कानातलं घेतलं. शेजारीण धावत सांगायला आली, जणू चोरी पकडली. खाला तिच्यावरच उलटली, "गेहूँ उसका, कान उसकी बेटी के. तेरे पेट में क्यों दुखता है?" ती गेल्यावर मला म्हणाली, "दिल्यावर आपला हात मोकळा झाला पाहिजे. मागं मागं जायचं असंन तर दिलं कशाले?" मला विचाराल तर देणाऱ्या निम्म्या लोकांचा हात कधी मोकळा होतच नाही. दिलेल्या वस्तूचं दुसरं टोक ते मुठीत धरून ठेवतात.

अस्लम तसाच निघाला. त्याला नगरसेवक व्हायचं होतं. खालाचे गुडघे गेले, तेव्हा तो म्हणाला, "अम्मी, ह्या वर्षीपासून तुझ्या हिश्श्याचंही मीच वाटतो." तिने विश्वासाने सोपवलं. त्या वर्षी रमजान ऐन एप्रिलात होता. नागपूरचा एप्रिल काय असतो हे मी सांगायला नको, डांबरावर चप्पल चिकटते. अशा उन्हात त्याने दुपारी चौकात मांडव घातला. मांडवाची सावली पाहुण्यांना आणि रांग उन्हात! रोजा धरलेल्या बायका, घशाखाली पाण्याचा थेंब नाही, आणि ह्याचे पाहुणे यायचे म्हणून तासन् तास उभ्या. प्रत्येकीच्या हातात साडीची थैली द्यायची, कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं आणि मगच सोडायचं. मी हे खिडकीतून बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. अस्लमचा चेहरा दारापेक्षा मोठा, आणि खाली हातात थैली घेतलेली रशिदा. रशिदा आमच्याच गल्लीतली विधवा, शेवया करून विकणारी. खालाकडून दरवर्षी शिव्यांसकट साडी नेणारी. तिच्या लेकीची सोयरीक ठरत आली होती आणि शुक्रवारी मुलाकडचे इफ्तारला घरी येणार होते. येणार ते ह्याच चौकातून. तिने घराचं दार लावून घेतलं. मी गेले तर आतूनच म्हणाली, "ताई, त्यांना सांगितलं होतं, आमचं बरं चाललं आहे. आता लेकीला जन्मभर ऐकवतील."

मी तडक खालाकडे गेले. तिने अजून फ्लेक्स बघितला नव्हता. मी मोबाईलवर दाखवला. तिने अस्लमला दुकानातून बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच सुरू झाली.

अस्लम म्हणाला, "अम्मी, दिखा के देना गुनाह नहीं है. एक को देख के दूसरा भी देता है."

"तो अपना थोबडा लगा! जितना बडा लगाना है, लगा! उसका क्यों लगाया?"

"उसने खुद खिंचवाया. देखो ना, हँस रही है."

"हाथ में तेरी थैली थी उसके. रोएगी क्या?"

अस्लम दाराकडे वळला. "शनिवारी काढतो," म्हणाला. शनिवारी! मुलाकडचे शुक्रवारी येणार, आणि हा शनिवारी काढणार, कारण शुक्रवारी नमाजाला आलेली गर्दी त्या चौकातून परतते. तो निघून गेला. खाला भिंत धरून उठली आणि म्हणाली, "सुमन, तुझी कैची घे."

भर दुपारी आम्ही दोघी चौकात गेलो. एक हातठेला रिकामा उभा होता. मी त्यावर चढले. खालाने ठेल्याचा दांडा धरला, दुखरे गुडघे सांभाळत. दुकानांतून लोक बाहेर आले. एक म्हणाला, "काय करून राहिल्या वं बाई?" खाला म्हणाली, "माझ्या पोराचं तोंड आहे, मी उतरवून राहिली. तुले काही त्रास?" सुतळ्या तुटेनात तेव्हा मी फ्लेक्सच उभा कापला. तो घरी नेऊन खालाने कूलरवर सावलीला बांधला, छापलेली बाजू आत. माझ्या कैचीची धार गेली म्हणून ती दुसऱ्या दिवशी स्वतः धार लावून आणून देऊन गेली, आणि "एवढी भोथट कैची घेऊन धंदा करतेस?" म्हणून मलाच बोलून गेली.

शुक्रवारी मुलाकडचे आले, रशिदाच्या हातचा शीरखुर्मा खाऊन गेले. लग्न झालं. लग्नात खाला आणि रशिदा एकाच गठ्ठ्यातल्या साड्या नेसून शेजारी शेजारी बसल्या होत्या. अस्लम आईशी पुढे कित्येक महिने धड बोलला नाही. खाला म्हणायची, "नाही बोलत तं नको बोलू. साड्या जाड पाठव म्हणावं." पण त्याच्या स्कूटरचा आवाज आला की ती बोलता बोलता थांबायची, हे मी बघितलं आहे. त्या पोरावर तिचा फार जीव होता, आणि म्हणूनच तर एवढा राग.

गेल्या हिवाळ्यात खाला गेली. तापाचं निमित्त झालं. अजूनही पिको करताना कोणी मागून "काहून वं, हात चालत नाही का?" असं ओरडेल असं वाटतं. कोणी ओरडत नाही. मला तिची फार आठवण येते, आणि ती आली की रडू येण्याआधी राग येतो.

रमजान आता सरकत सरकत थंडीच्या शेवटाला आला आहे. यंदा एका सकाळी मी चौकात गेले आणि जागच्या जागी थिजले. फ्लेक्स. वर लिहिलेलं, खालाच्या स्मरणार्थ साडीवाटप. मधोमध खालाचा चेहरा! जिने जन्मभर कोणाला फोटो काढू दिला नाही, तिचा! आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. कॅमेऱ्याशी भांडायच्या तयारीत असलेली खाला, आणि भोवती छापील गुलाबाची फुलं. खाली मांडव, मांडवाबाहेर बायकांची रांग, टेबलावर साड्यांचा ढीग. मी वरची एक उचलली, खाली हात घातला. माझं बोटन् बोट दिसलं.

मी घरी जाऊन कैची घेऊन आले. ठेला तिथे होताच. चढताना तो हलला, आणि कोणीतरी दांडा घट्ट धरला. बघते तर रशिदा. रांगेतून नाही, तिच्या घरातून आली होती, हात शेवयांच्या पिठाने भरलेले. मी ह्या खेपेला सगळा फ्लेक्स कापला नाही. फक्त चेहरा कापून काढला, सावकाश, नीट, तिच्या पदराची कड न तोडता.

अस्लम धावत आला. "सुमनताई, हे काय करून राहिली तू? अम्मीच्या नावानं वाटून राहिलो मी. तिले याचं पुण्य, सवाब पोचावा म्हणून!"

"मग मनात तिचं नाव घे अन् दे. तिचं तोंड काहून टांगलं? अन् ही साडी, ही आधी तुझ्या बायकोले नेसव."

त्याचे कान लाल झाले, तसेच, दुकानातल्यासारखे. मी खाली उतरले आणि कापलेला चेहरा त्याच्या हातात कोंबला. "घे. तुझं आहे हे. माझ्यापाशी पडून काय करू? जागा अडवून राहिलं."

तो उभा राहिला. सगळ्या रांगेसमोर, दोन्ही हातांत आईचा चेहरा घेऊन, आणि त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्याच्याच एका कार्यकर्त्याने सवयीने मोबाईल वर केला. अस्लमने झटकन तोंड फिरवलं, फ्लेक्सचा तुकडा छातीशी धरला आणि ओरडला, "ए! मोबाईल नीचे! फोटो नहीं लेने का! शरम नहीं आती?"

आवाज हुबेहूब खालाचा होता. ठेल्याचा दांडा धरून उभी असलेली रशिदा दचकली आणि मागे वळून बघायला लागली.