बेहड्याकडे जाणारा धूर

शेजारच्या काकांनी एका दुपारी मला बोलावून घेतलं आणि आपल्या खिडकीपाशी दोन तास बसवून ठेवलं. त्या दोन तासांबद्दल मला त्यांचे आभार मानायचे होते. तोंडाने ते कधी नीट मानले गेले नाहीत, म्हणून लिहून ठेवतोय.

आमचं गाव रत्नागिरीहून तासाभरावर, लांज्याच्या बाजूला. मुंबईत मी अठरा वर्षं एका छापखान्यात होतो. छापखाना बंद पडला आणि मी बायकोला घेऊन गावी आलो. काजूची कलमं घरची होती. बी तशीच व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा वाफवून, फोडून, गर काढून विकावा असं आम्ही दोघांनी ठरवलं. घरामागे पत्र्याची शेड उभी केली, बॉयलर बसवला, आणि वाडीतल्या सहा बायका कामाला येऊ लागल्या. पहिल्या वर्षी आमचा गर रत्नागिरीतल्या एका दुकानात काचेच्या बरणीत बघितला, तेव्हा बायको दुकानाच्या पायरीवरच उभी राहिली. आत यायला तिला अवघड वाटत होतं, इतकी ती खूश होती.

बॉयलरखाली जाळायला आम्ही काजूचीच टरफलं वापरायचो. सगळेच वापरायचे. टरफलात तेल असतं, ती भडाभडा पेटतात आणि आयतीच शेडमध्ये पडलेली असतात. फक्त त्यांचा धूर वाईट. काळा, चिकट, घशाला टोचणारा. हे तेल अंगाला लागलं तर कातडी उतते, फोड येतात, म्हणून बी फोडणाऱ्या बायका हाताला खोबरेल चोपडूनच बसतात. तेच तेल धुरातून छातीत जात असेल, असा विचार माझ्या मनात आला नाही. आला असला तरी मी तो थांबू दिला नाही. धुराड्याचं नळकांडं शेडच्या पत्र्यापेक्षा हातभरच उंच होतं.

आमच्या परसाच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या, पलीकडे काका-काकी राहायचे. काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर दम्याने धरलं, मग एकदा पडले आणि कंबर मोडली. तेव्हापासून खाटेवरच. खाट त्यांनी हट्टाने आमच्या बाजूच्या खिडकीशी लावून घेतली होती, कारण तिथून परसातलं बेहड्याचं झाड दिसायचं. त्या बेहड्यात, दोन माणसांच्या उंचीच्याही वर, एक ढोली होती आणि दरवर्षी तिथे ककणेराची जोडी यायची. पुस्तकात ज्याला धनेश म्हणतात तो. काळापांढरा, केवढ्या तरी चोचीचा. मादी ढोलीत शिरते आणि आतून चिखलाने तोंड लिंपून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढी फट ठेवते. मग अंडी घालून, पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच. नर दिवसभर वडाची, उंबराची फळं गळ्यात भरून आणतो आणि फटीतून एकेक भरवतो. हे सगळं मला काकांनीच सांगितलेलं. गावात जन्मून मी ते कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं बॉयलर आम्ही सकाळीच पेटवायचो. सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे धूर पश्चिमेला सड्यावर, उघड्या कातळमाळावर जायचा. सड्यावर माणूस नसतो. गुरं असतात, टिटव्या असतात, पण ते तेव्हा मोजणीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी काम वाढलं आणि मी दुपारचीही पाळी सुरू केली. दुपारी समुद्राकडून खारं वारं सुटतं. ते आमच्या शेडवरून थेट गडगा ओलांडून जायचं.

बायकोला खोकला लागला. मला वाटलं, कैऱ्या खाल्ल्या असतील. कामाच्या बायका पदराने डोळे पुसायच्या. एक जण म्हणाली, "दादा, नळकांडं जरा उंच करा की." मी म्हटलं, "मे महिना जाऊ दे, पावसात करू." पावसात काम कमीच असतं. तेव्हा कशाला केलं असतं, कोण जाणे.

एप्रिलात एकदा जेवून उठलो तर काकी गडग्याशी उभी.

"हे बोलवतायत तुला. सवड असेल तर ये."

मला वाटलं, झालं. तक्रार. मनातल्या मनात उत्तरं जुळवतच गेलो. धंदा आहे, सहा घरं चालतात त्यावर, वगैरे.

काका उशीला टेकून बसले होते. खिडकी बंद. काचेच्या फटींना काकीने ओलं लुगडं खोचलं होतं. ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"बस," काका म्हणाले. "तिथे, स्टुलावर. ढोलीवर नजर ठेव."

"काय झालं काका?"

"काय नाय. बस रे. घाई आहे काय तुला?"

मी बसलो. आमच्या शेडमधून धूर निघत होता. मी रोज तो मागून बघायचो, निघून जाणारा. त्या खिडकीतून पहिल्यांदा तो समोरून बघितला, येणारा. गडग्यावरून खाली वाकून यायचा, परसात पसरायचा आणि बेहड्याच्या फांद्यांत अडकून राहायचा. ढोलीचं तोंड मधेच दिसेनासं व्हायचं.

बऱ्याच वेळाने नर आला. आधी पंखांचा आवाज आला, मग तो. गळा फुगलेला होता, फळांनी भरलेला. बेहड्याकडे वळला आणि धुराच्या कडेवरून परत फिरला. पलीकडच्या फणसावर जाऊन बसला. ओरडला. पुन्हा उडाला, पुन्हा परतला. असं तीन-चारदा. ढोलीच्या फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि आत गेलं. मग नर उठला आणि भरल्या गळ्याने आला तसा खालच्या रानाकडे निघून गेला.

"बघितलंस?" काका म्हणाले. "वारं जोरात सुटल्यापासून हा तिसरा दिवस. सकाळी येतो, भरवतो. दुपारनंतर त्याला जमत नाय."

मी पुन्हा ढोलीकडे बघितलं.

"त्याचं एक बरं आहे. तो उडून जाऊ शकतो. ती आत आहे." मग म्हणाले, "पिल्लंही असतील आता. आवाज येतो सकाळचा."

एवढं बोलणं त्यांना जड गेलं. खोकल्याची उबळ आली. साधी नव्हती. ओठ निळसर झाले, खाटेचा कठडा धरलेली बोटं पांढरी पडली. काकी धावत आली, पंप तोंडाला लावला, पाठ चोळत राहिली. मी नुसता उभा. उबळ ओसरल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि हातानेच मला 'जा' अशी खूण केली.

ओटीवर आल्यावर मी काकीला विचारलं, "हे कधीपासून असं?"

"दुपारचं पेटवायला लागलास तेव्हापासून. पंप दुप्पट लागतो. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब ठेवा. आता खाट कुठे लांब नेऊ?"

"मग सांगितलं का नाहीस, काकी? रोज गडग्यावर बोलतो आपण."

"सांगणार होत्ये. ह्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, नोकरी जाऊन गावाला आलाय, आत्ता कुठे चूल पेटली त्याची, आपण विझवायची नाय." तिने पदराने कपाळ पुसलं. "आज मात्र त्या पक्ष्यासाठी बोलावलंनी. स्वतःसाठी नसतंच बोलावलंनी."

मी गडगा ओलांडून शेडमध्ये गेलो आणि बॉयलरखालची आग ओढून बाहेर काढली. मातीत घातली. आतली बी अर्धी वाफवलेली होती, ती वाया गेली. बायका बघत राहिल्या. बायकोने विचारलं, "काय झालं हो?" तिने पाणी आणून दिलं आणि तीही खोकली. तो खोकला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला म्हटलं तरी चालेल.

त्यानंतर त्या मोसमात दुपारची पाळी झाली नाही. सकाळीसुद्धा वारा बघूनच पेटवायचो. दुसऱ्याच दिवशी दुपारी काकीने गडग्यावरून हाक मारली, "आला रे, आला! भरवतोय!" सगळ्या बायका हातातली बी टाकून धावल्या. आम्ही गडग्याला रांगेने उभे राहिलो. नर ढोलीपाशी खोडाला धरून बसला होता आणि गळ्यातून एकेक उंबर काढून फटीत देत होता. खिडकी उघडी होती. काका आमच्याकडे बघत नव्हते, तिकडेच बघत होते.

मे संपता संपता मादीने लिंपण फोडलं. त्या वर्षी एकच पिल्लू बाहेर आलं. आधी दोन-दोन निघायची असं काका म्हणाले. दुसऱ्याचं काय झालं, आतच गेलं की मुळात नव्हतंच, ते आम्हाला कळलं नाही. काकांनी त्यावर काही बोट ठेवलं नाही. "एक तर एक," म्हणाले. "उडतंय झकास."

मी लगेच शहाणा झालो असं मात्र नाही. पुढच्या मोसमाआधी रत्नागिरीतल्या एका फॅब्रिकेटरने उपाय सुचवला: धुराड्याला पाण्याच्या फवाऱ्याची पेटी लावायची, धूर धुऊनच बाहेर सोडायचा. लावली. धूर खरोखर कमी झाला. पण पेटीतलं पाणी काळंकुट्ट व्हायचं, वर तेलाची साय. पहिला ड्रम भरला तेव्हा मी तो मागच्या पऱ्यात ओतला. पऱ्या म्हणजे आमचा ओहोळ. फेब्रुवारीत त्याचं वाहणं क्षीण होतं, मधे मधे डबकी साचलेली असतात. दुसऱ्या दिवशी बायको कपडे घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"या जरा," म्हणाली.

डबक्यात बोटाएवढे मासे उलटे तरंगत होते. बेडूक काठावर पडलेले. खेकडे पाण्यातून निघून दगडांवर चढून बसले होते, हलत नव्हते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग. तिथून खाली दोन वळणांवर वाडीची विहीर.

"वरचा धूर खाली आणून सोडलात," बायको म्हणाली. "एवढंच केलंत तुम्ही."

तिचं ते वाक्य ऐकून मी आधी चिडलो, खरं सांगतो. मग फावडं आणलं. वाडीतले चार जण न बोलावता आले. आम्ही डबक्याच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घातला आणि ते पाणी बादल्यांनी उपसून ड्रममध्ये परत भरलं. महिनाभर वाडीने विहिरीचं पाणी प्यायला घेतलं नाही, लांबच्या झऱ्यावरून आणलं. मी घरोघर जाऊन चूक सांगितली. ओरडा खाल्ला. एका म्हातारीने पोटभर शिव्या दिल्या आणि मग चहा ठेवला. सरकारी प्रयोगशाळेतून विहिरीचं पाणी पिण्याजोगं असल्याचा कागद आला, तो मी आधी तिलाच नेऊन दाखवला.

त्यानंतर टरफलं जाळणं आम्ही कायमचं बंद केलं. ती आता टेंपोने तेल काढणाऱ्या कारखान्यात जातात. बॉयलर गॅसवर चालतो. खर्च वाढला, काम थोडं कमी घेतो, चालतंय. बायकोचा खोकला पावसाळ्याआधी गेला. सहाच्या सहा बायका अजून आमच्याकडेच आहेत.

पऱ्याचं ते झालं त्याच मोसमात काकांनी दोन पिल्लं उडताना बघितली. त्याच वर्षी श्रावणात ते गेले. शेवटचे आठ दिवस रत्नागिरीच्या इस्पितळात होते आणि काकीबरोबर मी राहिलो. एकदा डॉक्टर एकटे सापडले तेव्हा त्यांना सगळं सांगून विचारलं, "माझ्या धुराने किती केलं असेल?"

डॉक्टर तरुण होते. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. म्हणाले, "आजार जुना होता. धुराने वाढला असणार. किती, ते कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही थांबवलंत, त्यानंतर त्यांना दोन मोसम मिळाले, हे मात्र दिसतंय."

हे मी नंतर घरी काकीला सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "ह्यांनी तुझ्यावर राग धरलाच नव्हता. तू कशाला स्वतःवर धरून बसतोस?"

राग धरून बसलोय असं नाही. उलटंच आहे. काका पंचायतीत अर्ज देऊ शकले असते. तो त्यांचा हक्कच होता, आणि अर्ज आला असता तर मी भांडलो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्याकडे उत्तरं तयार होती. त्यांनी मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही, नुसतं शेजारी बसवून दाखवलं. बायकोने डबक्यापाशी नेऊन तेच केलं. माझ्या नशिबाने मला दोन्ही वेळा दाखवणारं माणूस हाकेच्या अंतरावर होतं.

अलीकडे नवीन युनिट टाकणारी मुलं-मुली आमचं काम बघायला येतात. परवा राजापूरकडचं एक जोडपं आलं होतं. गॅस किती लागतो, कटर कुठला चांगला, असं विचारत होते. मी त्यांना म्हटलं, मशीन मग बघू, आधी तुमच्या शेडच्या चारी बाजूंना काय आहे ते सांगा. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मुलगी आठवून आठवून सांगू लागली: एका अंगाला अंगणवाडी, मागे पाण्याचा व्हाळ, पलीकडे चुलत सासऱ्यांचं घर. बायकोने त्यांना कोकम सरबत दिलं आणि कागद-पेन्सिल आणून समोर ठेवलं. मी म्हटलं, "आता ह्यावर शेड काढा. आणि दुपारचा वारा कुठून येतो, तो बाण काढा."