झबल्यातलं शिसं

आमच्या पाचूबंदरात माशांचा लिलाव चालू असताना मागे घर जळत असलं तरी बाई वळून बघणार नाही. त्यामुळे अंगणवाडीत सकाळी होणारं वजन आमच्या पोरांना कधी घडलंच नाही. मग नवा नियम आला: वजनकाटा दुपारी, लिलाव आटपल्यावर, धक्क्यावर येणार. मला तिथेच वास आला. सरकार आमच्या सवडीने चालायला लागलं, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

माझी धाकटी तेव्हा सव्वा वर्षाची, अंगाने सुक्या बोंबलाएवढी. वजनाच्या कार्डावर कुपोषणाच्या लाल पट्ट्यात गेली तर फोटो काढणार, इस्पितळात ओढून नेणार, आणि गल्ली म्हणणार, ही पापलेटं विकते नि पोरीला उपाशी ठेवते. चांगली मासळी विकायची, घरी उरलंसुरलं, हे खरंच होतं. म्हणून तर जास्त भीती. मी नवऱ्याच्या जाळ्याचे शिशाचे मणी काढले आणि तिच्या झबल्याच्या दुमडीत शिवले. अंगणवाडीची ताई झबलं काढा म्हणाली, तेव्हा पोरीला वारा लागेल म्हणून मी अख्खा धक्का डोक्यावर घेतला. दर महिन्याला मणी वाढवत गेले. पोरगी कार्डावर अशी वाढली, की वर्षभरात होडीत मावली नसती.

शेजारणीचं पोर लालमध्ये निघालं. त्याला डॉक्टर, त्याला जादा खाऊ. मी रोज त्याचे दंड चिमटून बघायचे, नुसती सूज तर नाही ना. नव्हती. ते होड्यांवर चढायला लागलं. माझी मात्र उभं राहणंच विसरली.

चौथ्या वेळी ताईने तिला काट्यावरून स्वतः उचललं, आणि झबल्याखाली हात घालून तिच्या बरगड्या चाचपल्या.

"कार्डावर दहा किलो आणि हाताला हाडंच लागतायत. काटा बिघडलाय. दुरुस्तीला पाठवते. हिचं पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात. पोरीने ताईच्या खांद्यावर मान टाकली होती, रडतही नव्हती. मी दाताने दुमड उसवली. शिसं धक्क्यावर टपटप पडलं.

पुन्हा वजन झालं. लाल, तेही पार तळाला.

"आता घेऊन जानार ना तिला?"

"तुम्हालाही नेणार. आईसाठी खाट असते तिथे."

फुकटची खाट ऐकून संशय दुप्पट झाला, तरी गेले. तिथली प्रत्येक वाटी आधी मी चाखायची, मग पोरीला. सहाव्या दिवशी वाटी माझ्या तोंडाला लागली, तोच तिने माझे केस धरून ओढले आणि अशी किंचाळली, की अर्नाळ्यापर्यंत ऐकू गेलं असेल. वाटी न चाखताच द्यावी लागली.